घरगुती झुंबर : बिलोरी काचेची पारख, निवड आणि मांडणी

गोषवारा : राजवाडे, मंदिरांचे सभामंडप आणि जुन्या वाड्यांचे दिवाणखाने यांतून दिसणारे काचेचे झुंबर आता मध्यमवर्गीय सदनिकांतही येऊ लागले आहे. मात्र खरेदी करताना ‘क्रिस्टल’ या शब्दाचा अर्थ, काचेचे गुणधर्म, छताची उंची व भारक्षमता आणि पंख्याशी येणारा संघर्ष यांचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात काचशास्त्र, प्रकाशशास्त्र, इतिहास व गृहसजावट या अंगांनी या विषयाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : झुंबर, बिलोरी काच, शिसेयुक्त काच, लोलक, अपस्करण, गृहसजावट

प्रस्तावना

मराठी घरांना झुंबर अपरिचित नाही. ‘हंड्या-झुंबरे’ हा जोडशब्दच लग्नसमारंभाच्या आणि गणेशोत्सवातील आराशीच्या वर्णनात रूढ झालेला आहे. गोव्यातील मंगेशीच्या सभामंडपात झुंबरे आहेत, तशीच चांदोर येथील मेनेझिस ब्रागांझा यांच्या वाड्याच्या नृत्यदालनातही आहेत. परंतु या वास्तूंची छते उंच असून झुंबर टांगण्याची सोय त्यांत आधीपासून केलेली असते. आज झुंबर ज्या घरात येते तेथे छत नऊ फुटांवर असते, मध्यभागी पंखा असतो आणि बरेचदा त्याखाली जिप्समचे खोटे छतही असते. परिणामी राजवाड्यासाठी घडलेली वस्तू सदनिकेत आणताना केवळ आकार लहान करून भागत नाही. निवडीचे निकषच नव्याने मांडावे लागतात.

‘बिलोर’, ‘स्फटिक’ आणि ‘क्रिस्टल’

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्फटिक म्हणजे ज्यातील अणूंची रचना नियमित व पुनरावर्ती असते असा पदार्थ. काचेत अशी रचना नसते, ती अस्फटिकी असते. म्हणजे ‘क्रिस्टल ग्लास’ हे नावच शास्त्रीयदृष्ट्या विसंगत आहे. ते रूढ होण्यास ऐतिहासिक कारण आहे. सतराव्या शतकातील युरोपात अत्यंत श्रीमंतांची झुंबरे खरोखरच नैसर्गिक स्फटिकाची, म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झची असत. हा खनिज पदार्थ दुर्मिळ आणि कठीण असल्याने तो घासून पैलू पाडणे अतिशय खर्चिक होते. त्याच्यासारखी दिसणारी स्वच्छ काच तयार झाली तेव्हा तिला त्याचेच नाव मिळाले. आपल्याकडील ‘बिलोर’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द ग्रीक ‘बेरिलोस’शी आणि त्यामार्गे प्राकृतातील ‘वेरुलिय’, संस्कृतातील ‘वैडूर्य’ यांच्याशी जोडला जातो. म्हणजे शब्द येथून गेला आणि काचेचा अर्थ लेवून परत आला! प्रस्तुत लेखात झुंबराच्या उत्तम प्रतीच्या काचेसाठी ‘बिलोरी काच’ हीच संज्ञा वापरली आहे.

इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये नव्या प्रकारच्या स्वच्छ काचेचे एकस्व मिळविले. त्याच्या आरंभीच्या काचेत अल्कलीचे प्रमाण अधिक असल्याने काही काळाने तिच्यावर सूक्ष्म तड्यांचे जाळे पसरत असे. मिश्रणात शिशाचे ऑक्साइड घातल्यावर हा दोष आटोक्यात आला आणि अनपेक्षितपणे काच अधिक चमकदार, जड व पैलू पाडण्यास मऊ झाली. इंग्लिश आणि पुढे आयरिश काचकामाचा पाया या घटनेत आहे.

बोहेमियाची परंपरा मात्र वेगळी आहे. तेथील कारागिरांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटॅश आणि चुना यांच्या योगाने कठीण व निर्मळ काच घडविली. तिच्यात शिसे नव्हते. ‘बोहेमियन क्रिस्टल’ म्हणजे शिशाची काच, हा समज त्यामुळे इतिहासाला धरून नाही. १७४३ मध्ये मारिया थेरेसा हिचा प्राग येथे बोहेमियाची राणी म्हणून राज्याभिषेक झाला. काचेच्या पट्ट्यांनी झाकलेल्या धातूच्या वक्र भुजांचे जे झुंबर आज तिच्या नावाने ओळखले जाते, ते याच प्रदेशातील होय. हातकामाने काच घडविण्याच्या या परंपरेला २०२३ मध्ये चेकिया, फ्रान्स, जर्मनी आदी सहा देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

कर आणि झुंबराचे रूप यांचा संबंधही लक्षणीय आहे. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८४५ पर्यंत काचेवर वजनानुसार अबकारी कर होता. साहजिकच कारागिरांचा कल काच जपून वापरण्याकडे राहिला. कर उठताच भव्य काचकामाला मोकळीक मिळाली. बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या संस्थेने १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात २७ फूट उंचीचे व सुमारे चार टन वजनाचे काचेचे कारंजे उभारले. याच संस्थेने कोलकात्यात दालन उघडून हिंदी संस्थानिकांना झुंबरे व काचेचे फर्निचर पुरविले. भारतीय राजवाड्यांतील बिलोरी वैभवाचा मोठा भाग या व्यापाराची देणगी आहे.

आपल्याकडील काचउद्योगाचा रोख निराळा होता. तळेगाव येथील पैसा फंडाचा काच कारखाना (१९०८) आणि ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना (१९१६) हे स्वदेशीच्या प्रेरणेतून उभे राहिले. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. रात्रीच्या उजेडाची गरज भागविणारी काच ही तेव्हाची निकड होती, शोभेचे लोलक ही नव्हे. झुंबरांचे सुटे भाग आणि स्वस्त झुंबरे यांसाठी आजही उत्तर प्रदेशातील फिरोझाबादचे नाव घेतले जाते. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर तेथील भट्ट्यांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.

चमक कशामुळे येते?

लोलकाची चमक तीन गोष्टींवर अवलंबून असते : पृष्ठभागावरील परावर्तन, आतील पूर्ण परावर्तन आणि अपस्करण. काचेचा अपवर्तनांक १.५२ असेल तर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४.३ टक्के प्रकाश पहिल्या पृष्ठभागावरून परततो. अपवर्तनांक १.५६ झाल्यास हे प्रमाण सुमारे ४.८ टक्के होते. सीमांत कोन ४१.१ अंशांवरून ३९.९ अंशांवर येतो. हे फरक वरवर किरकोळ वाटतात. परंतु एका लोलकाला अनेक पैलू आणि एका झुंबराला शेकडो लोलक असतात, त्यामुळे एकत्रित परिणाम डोळ्यांना जाणवतो. पांढऱ्या प्रकाशाचे रंगांत पृथक्करण करण्याची शक्ती, म्हणजे अपस्करण, शिशामुळे वाढते.

युरोपीय समुदायाने १९६९ मध्ये या काचेच्या व्याख्या निश्चित केल्या. शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण किमान २४ टक्के, घनता किमान २.९० आणि अपवर्तनांक किमान १.५४५ असेल तरच काचेला ‘लेड क्रिस्टल’ म्हणता येते. ३० टक्के शिसे व ३.०० घनता असल्यास ती उच्चतम श्रेणीची ठरते. झुंबर घेताना हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण आपल्या बाजारात ‘क्रिस्टल’ हा शब्द जवळजवळ कोणत्याही पारदर्शक तुकड्यास लावला जातो.

सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या ‘के-९ क्रिस्टल’चे उदाहरण घ्यावे. के-९ ही मूलतः भिंगे व प्रिझम यांसाठीची प्रकाशीय काच होय. जर्मन ‘बीके-७’ काचेचा तो चिनी समकक्ष आहे. तिचा अपवर्तनांक सुमारे १.५१७ आणि घनता सुमारे २.५ असते. ती उत्तम, निर्मळ काच आहे यात वाद नाही. गंमत अशी की कॅमेऱ्याच्या भिंगांत ही काच पसंत केली जाते ती तिचे अपस्करण कमी असल्यामुळे, म्हणजे प्रतिमेच्या कडांना रंगीत किनार येऊ नये म्हणून. दुकानात मात्र तीच ‘इंद्रधनुष्यी रंगांसाठी’ म्हणून विकली जाते. पैलू धारदार असतील तर तिच्यातूनही रंग दिसतात, परंतु शिसेयुक्त काचेच्या किमतीला ती घेण्याचे कारण नाही. शिवाय ‘के-९’ या नावाने विकली जाणारी प्रत्येक काच खरोखर त्या प्रतीची असते असेही गृहीत धरू नये.

शिशाविषयीच्या भीतीबद्दलही येथेच लिहिणे इष्ट. टांगलेल्या लोलकातील शिसे काचेच्या जाळ्यात बद्ध असते. ते हवेत मिसळत नाही. धोका असतो तो आम्लधर्मी पेये दीर्घकाळ अशा काचेच्या पात्रात ठेवल्यास, आणि त्याहून मोठा धोका ती काच घडविणाऱ्या कामगारांना. घरात लहान मूल असेल तर सुटे लोलक त्याच्या तोंडात जाणार नाहीत एवढी काळजी पुरेशी आहे. उद्योगानेही दिशा बदलली आहे : १८९५ मध्ये ऑस्ट्रियातील वाटेन्स येथे स्थापन झालेल्या स्वारोव्स्की या संस्थेने २०१२ मध्ये शिसेविरहित बिलोरी काच बाजारात आणली. त्यामुळे ‘शिसे नाही म्हणजे निकृष्ट’ हे समीकरण आता टिकत नाही.

पारख : स्वयंपाकघरातील तराजूवर

काचेची पारख करण्याचे परंपरागत उपाय सर्वज्ञात आहेत. टिचकी मारल्यास शिसेयुक्त काचेचा नाद लांबतो. घासून पाडलेल्या पैलूंच्या कडा तीक्ष्ण असतात, तर साच्यात ओतलेल्या लोलकाच्या कडा किंचित गोलसर असून साच्याच्या जोडाची रेघ दिसते. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा हाताला हलका व कोमट लागतो, काच गार लागते. तथापि हे उपाय अनुभवावर विसंबून आहेत. महाविद्यालयीन अध्यापकांना अधिक रुचेल असा उपाय आर्किमिडीजचा आहे.

डिजिटल तराजूवर लोलकाचे, धातूची पिन काढून, वजन करावे. नंतर तराजूवर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. लोलक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल परंतु तळाला वा बाजूस टेकणार नाही असा धरावा. तराजूवर जो आकडा ग्रॅममध्ये येईल, तेवढे घनसेंटिमीटर त्या लोलकाचे आकारमान. वजनास या आकड्याने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, ५८ ग्रॅमचा लोलक पाण्यात २० ग्रॅम दाखवीत असेल तर घनता २.९ येते. याच आकाराचा साध्या काचेचा लोलक सुमारे ५० ग्रॅम भरेल आणि अ‍ॅक्रिलिकचा केवळ २४ ग्रॅमच्या आसपास. लोलक लहान असल्यास पाच-सहा एकत्र बांधून प्रयोग करावा, म्हणजे तराजूची चूक नगण्य होते. या प्रयोगाने शिसेविरहित आधुनिक बिलोरी काच व साधी काच यांतील भेद मात्र खात्रीने कळत नाही. वारशाने आलेल्या जुन्या झुंबराचे लोलक भंगारात किंवा जुन्या बाजारात देण्यापूर्वी हा दहा मिनिटांचा प्रयोग अवश्य करून पाहावा. काचेच्या भावाने बिलोर गेल्याची हळहळ नंतर कामाची नसते.

आकार आणि उंची

सजावटीच्या पुस्तकांत एक सूत्र सर्रास आढळते : खोलीची लांबी व रुंदी फुटांत घेऊन त्यांची बेरीज करावी, ती इंचांत मांडली की झुंबराचा व्यास मिळतो. १० फूट रुंद व १६ फूट लांब बैठकीच्या खोलीसाठी हा व्यास २६ इंच येतो. सूत्र सोयीचे आहे, पण ते ज्या देशांत रूढ झाले तेथील बैठकीच्या खोलीत पंखा गृहीत धरलेला नसतो. आपल्याकडे उंचीचा हिशेब आधी करणे शहाणपणाचे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट असावी लागते. बहुसंख्य सदनिका या किमान मर्यादेच्याच आसपास बांधलेल्या असतात. झुंबराचे खालचे टोक जमिनीपासून किमान ७ फुटांवर असले पाहिजे, कारण त्याखालून माणसे ये-जा करतात. म्हणजे साखळीसह संपूर्ण झुंबरास २४ इंच उरतात. खोटे छत सहा इंचांनी खाली आणले असेल तर १८ इंच. अशा खोलीत अनेक मजल्यांचे, लांब साखळीचे झुंबर बसतच नाही. छताला बिलगून राहणारे, उंचीने कमी व पसरट झुंबरच योग्य. उंच झुंबराचा हट्ट असेल तर त्याची जागा जेवणाच्या टेबलावर होय, कारण टेबलाखालून कोणी चालत नाही. तेथे टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंच अंतर राखावे आणि व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असावा.

आता पंखा. नऊ फुटांच्या छतास एक फुटाच्या दांड्यावर पंखा असेल तर त्याची पाती आठ फुटांवर फिरतात आणि झुंबर सात ते नऊ फुटांच्या पट्ट्यात असते. म्हणजे दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि बचाव फक्त आडव्या अंतरानेच होऊ शकतो. ४८ इंची पंख्याची त्रिज्या २४ इंच, २६ इंची झुंबराची १३ इंच, लोलकांचा झोका व वाऱ्याचा झोत यांसाठी आणखी किमान २४ इंच मिळून दोहोंच्या मध्यबिंदूंत ६१ इंच, म्हणजे साधारण पाच फूट अंतर हवे. सोळा फूट लांबीच्या खोलीत पंखा एका भिंतीपासून पाच फुटांवर व झुंबर दुसऱ्या भिंतीपासून पाच फुटांवर ठेवल्यास मध्ये सहा फूट राहतात आणि गणित जमते. बारा फुटी खोलीत ते जमत नाही. तेथे पंखा भिंतीवरचा घ्यावा अथवा झुंबराचा विचार सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिव्यांच्या आड पाती फिरू लागली की भिंतीवर सावल्यांची अखंड लुकलुक सुरू होते आणि अशा प्रकाशात वाचन करणे त्रासदायक ठरते. बैठकीत झोपाळा असेल तर त्याच्या झोक्याची कक्षाही या हिशेबात धरावी.

भार कोण पेलणार?

ग्वाल्हेर येथे जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १८७४ मध्ये मायकेल फिलोस याच्या आराखड्यानुसार जयविलास महाल बांधला गेला. त्याच्या दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी छतावर हत्ती चढविण्यात आले, अशी कथा सांगितली जाते. तपशील काहीही असो, त्यामागील तत्त्व अभियांत्रिकीचे आहे : प्रत्यक्ष भार येण्यापूर्वी त्याहून अधिक भाराने चाचणी.

सदनिकेत हत्तीची सोय नाही, पण तत्त्व तेच. स्लॅबमध्ये ओतलेली कडी पंख्यासाठी असते आणि पंख्याचे वजन सर्वसाधारणपणे चार-पाच किलोग्रॅम असते. मध्यम आकाराचे बिलोरी झुंबर सहज १५ ते ३० किलोग्रॅम भरते. जुन्या इमारतीतील कडी गंजलेली असू शकते, म्हणून ती पुरेशी आहे असे मानू नये. स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याने स्लॅबमध्ये स्वतंत्र अँकर बसवून घ्यावा आणि झुंबराच्या कित्येक पट भाराने तो आधी तपासावा. जिप्समच्या खोट्या छताला झुंबर कधीही टांगू नये. तेथे केवळ झाकणाची वाटी टेकते, भार वरच्या स्लॅबनेच घेतला पाहिजे. कडीपाटाच्या जुन्या घरात भार तुळईवर द्यावा, पाटावर नव्हे, आणि त्याआधी तुळईला वाळवी लागलेली नाही याची खात्री करावी. विक्रेत्याचा कारागीर दहा मिनिटांत झुंबर टांगून जातो तेव्हा यांपैकी काहीही तपासले जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रकाश आणि परिसर

झुंबर मेणबत्तीसाठी जन्मले. लहान, तेजस्वी आणि किंचित थरथरणारा प्रकाशबिंदू ही त्याची खरी गरज आहे. दुधी काचेचा बल्ब प्रकाश पसरवितो, त्यामुळे लोलक निस्तेज दिसतात. पारदर्शक काचेचा, आत तंतूसारखी रचना असलेला एलईडी दिवा अधिक शोभतो. रंगतापमान २७०० ते ३००० केल्विन आणि रंगदर्शन निर्देशांक ९० च्या वर असावा. थंड पांढऱ्या दिव्यांनी बिलोरी काच बर्फासारखी व निर्जीव भासते. बारा दिव्यांच्या झुंबरात ४० वॅटचे तंतुदिवे असत तेव्हा भार ४८० वॅट होई. रोज चार तास लावल्यास महिन्याला ५७.६ युनिट. चार वॅटच्या एलईडीने तेच काम ५.७६ युनिटांत होते, शिवाय उष्णता कमी असल्याने तारांचे वेष्टनही टिकते. प्रकाश कमी-जास्त करणारे नियंत्रक लावायचे असल्यास त्यास अनुरूप दिवेच घ्यावेत, अन्यथा ते लुकलुकतात.

परिसराबाबत एकच गोष्ट महत्त्वाची : झुंबराला स्पर्धक नसावा. गडद छत, भिंतीवरील चकचकीत नक्षी आणि रंगीत पट्टीदिवे असलेल्या खोलीत कितीही महाग झुंबर हरवून जाते. फिकट रंगाची भिंत आणि समोर एखादा आरसा पुरेसा आहे. पश्चिमेच्या खिडकीजवळ टांगल्यास उतरत्या उन्हाचे रंग भिंतीवर पडतात. त्यासाठी वीजही लागत नाही.

निगा

धुळीचा थर हा चमकेचा शत्रू आहे आणि पंखे असलेल्या घरात तो लवकर बसतो. दख्खनमधील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुतांशी जड असते. ते लोलकावर वाळले की क्षारांचे डाग राहतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल (चारास एक) मिसळून सुती कापड ओलसर करून पुसावे. द्रव थेट झुंबरावर फवारू नये, तो दिव्यांच्या होल्डरमध्ये उतरतो. मुख्य कळ बंद करूनच काम करावे, सुती हातमोजे घालावेत आणि झुंबर जागेवर गोल फिरवू नये. फिरवल्याने वरचा आटा सैल होतो. लोलक उतरवायचे असल्यास आधी छायाचित्रे घेऊन प्रत्येक ओळ क्रमांक टाकलेल्या वेगळ्या डब्यात ठेवावी.

कोकण व गोव्याच्या किनारी भागात खाऱ्या हवेने काच बिघडण्याआधी लोलक जोडणाऱ्या बारीक पिना झिजतात. लोलक बहुधा पिनेच्या गंजामुळेच पडतो. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत, प्रत्येक पिन हाताने तपासावी आणि हिरवट वा काळी पडलेली पिन लगेच बदलावी. वारशाने आलेल्या झुंबरातील जुन्या रबरी वेष्टनाच्या तारा ठिसूळ झालेल्या असतात. त्या संपूर्ण बदलून धातूच्या सांगाड्यास अर्थिंग द्यावे आणि त्या वीजमंडलावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण बसवावे. हे काम होईपर्यंत असे झुंबर दिवे न लावता टांगले तरी चालते. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश लोलकांना पुरतो.